‘गुप्त’ला दुसरा शब्द सुचवा

खानापूरकर : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या नव्या डॉक्टरांना किशोरवयीन पेशंटशी बोलायचं शिकवतोय. पहिला धडा हा, की आईला दहा मिनिटं बाहेर बसवायचं आणि पोराला सांगायचं, तुझं बोलणं माझ्यापाशीच राहील. टिपणात ‘गुप्तता’ लिहिलं. सरावात एक डॉक्टर म्हणाला, ‘सगळं गुप्त राहील.’ पेशंट झालेली नर्सिंगची पोरगी तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. ‘सर, गुप्त म्हटलं की स्टँडामागच्या भिंतीवरचा गुप्तरोगच आठवतोय की!’

निपाणीची मावशी : ‘गोपनीय’ही नको, ते प्रश्नपत्रिकेच्या पाकिटावर शोभतं. आमच्यात ‘हे आपल्यात राहू दे’ म्हणतात. पण त्यानं गुपित राखायचं ओझं पोरावर पडतं. ‘मी कुणापाशी बोलणार नाही’ म्हणा, म्हणजे ते डॉक्टरवर येतं.

खानापूरकर : वाक्य झकास. पण असं सरसकट वचन देता येत नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पोर जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात असेल तरी गप्प बसता येत नाही.

निपाणीची मावशी : मग तेही आधीच सांगा. ‘जिवावर बेतणारं किंवा तुला कुणी त्रास दिलेलं असलं तर मला दुसऱ्यांना सांगावं लागेल, पण आधी तुला विश्वासात घेईन.’ लांबलं तर लांबू दे. एका शब्दात बसवायचा हट्ट कशाला?

शब्दवेडा : जरा अवांतर. टिपणात ‘पौगंड’ असेल तर काढा. भागवतावरच्या टीकेतला जुना श्लोक पौगंड दहाव्या वर्षापर्यंतच धरतो, पुढं पंधरापर्यंत कैशोर. जागतिक आरोग्य संघटनेचं किशोरवय १० ते १९, म्हणजे पौगंड संपतं तिथून सुरू! शिवाय पोरांना तो शब्द शिवीसारखा लागतो. सरकारी किशोर क्लिनिकांची नावं बघा, कर्नाटकात ‘स्नेह’, महाराष्ट्रात ‘मैत्री’. दोन्ही तोंडात बसतात.

खानापूरकर : ‘पौगंड’ खोडला. आता ‘काय की’चं सांगा. परवा सरावात विचारलं, ‘शाळेत कुणी त्रास देतंय?’ पोरगा म्हणाला, ‘काय की.’ पुण्याकडनं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘माहीत नाही’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

निपाणीची मावशी : अगं बाई! आपल्याकडं ‘काय की’ म्हणजे कन्नडातलं ‘एनो’. कधी खरंच ठाऊक नसतं, कधी सांगू का नको असं चाललेलं असतं. तिथं पेन खाली ठेवायचं आणि थांबायचं.