उद्याच्या फळ्यासाठी मजकूर

सेक्रेटरी : उद्या २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन. गेटवरच्या फळ्यावर चार ओळी लिहायच्यात. कोणी मजकूर देईल का?

ए-१०३ : हा दिवस २६/११ नंतर सुरू झाला ना?

बी-२०३ (निवृत्त फौजदार) : नाही ताई, फार आधीपासूनचा आहे. १९५९ सालची गोष्ट. लडाखच्या त्या टोकाला तेव्हा सैन्य नव्हतं, सीआरपीएफचे, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, पोलीस होते. हॉट स्प्रिंग्स हे ठिकाण सोळा हजार फुटांच्या आसपास. २० ऑक्टोबरला टेहळणीला तीन तुकड्या गेल्या, दोनच परतल्या. दुसऱ्या दिवशी अधिकारी करमसिंग वीसेक जणांना घेऊन शोधायला निघाले. चिनी सैनिक टेकडीवर दबा धरून बसलेले. वरून गोळ्या आणि हातबॉम्ब, खाली आडोसा नाही. दहा जण गेले, काहींना धरून नेलं. मृतदेह चीनने नोव्हेंबरात परत दिले. तिथेच अंत्यसंस्कार झाले.

ए-१०३ : पण काका, सैन्यासमोर पोलीस उभे का केले?

बी-२०३ : तेव्हा सीमा पोलिसांच्याच भरवशावर होती. पाकिस्तानच्या बाजूलाही बऱ्याच ठिकाणी राज्यांचे सशस्त्र पोलीस असत. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी ब्रिगेड चालून आली, ती सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनच्या मोजक्या जवानांनी थोपवली. त्याच वर्षी १ डिसेंबरला सीमेसाठी बीएसएफ, म्हणजे सीमा सुरक्षा दल, उभी राहिली. इतकी माणसं खर्ची पडल्यावर! मला हे अजून सलतं.

सी-४०२ : बीएसएफचे असिस्टंट कमांडंट राम कृष्ण वाधवा १९७१ च्या युद्धात गेले. मरणोत्तर महावीर चक्र. १५ ऑगस्टला आपण यांचं नावही घेत नाही.

डी-५०१ : खरंय. काका, उद्याच्या पोलीस परेडला काय असतं? मुलाला घेऊन यायचंय.

बी-२०३ : जरूर आण. वर्षभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्या देशभरातल्या पोलिसांची नावं वाचतात. ‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला की रायफलींची तोंडं जमिनीकडे जातात, माना खाली. यादी लांबत जाते, पण कोणी हलत नाही. त्याला सांग, शेवटपर्यंत उभं राहायचं.

सेक्रेटरी : मजकूर असा चालेल? ‘२१ ऑक्टोबर १९५९, हॉट स्प्रिंग्स, लडाख. देशाची सीमा राखताना प्राण दिलेल्या दहा पोलिसांना अभिवादन.’

बी-२०३ : सीआरपीएफ घाला, नाहीतर लोक लष्कर समजतील.

सेक्रेटरी : घालते. परेडला माझ्या गाडीत तीन जागा आहेत, कोण येतंय ते रात्रीच कळवा.