विषय: लातूर – शाळा म्हणायली शॅडो टीचर तुम्हीच आणा

प्रेषक: बाळू, डॅलस

मंडळी, राम राम.

धाकट्या भावाच्या लेकराचं तेच प्रकरण, मागं लिहिलं होतं ते. साडेसहा वर्षांचा, पहिलीत, ऑटिझम. शाळा खाजगी, मान्यताप्राप्त. आता शाळेवाले म्हणायलेत, सोमवारपासून शॅडो टीचर, म्हणजे वर्गात लेकराशेजारी बसून मदत करणारा माणूस, आणा, पगार तुम्ही द्या, नसता स्पेशल शाळेत टाका. सगळं तोंडी, कागदावर एक ओळ नाही. मी मुख्याध्यापकांना इथूनच कडक मेल टाकायलोय, दोन्हीकडचे कायदे लावून. माई, अण्णा, मसुदा सोबत आहे. आज रात्रीपर्यंत बघा.

प्रेषक: अण्णा, न्यू जर्सी

बाळू, मसुदा राहू दे. आधी यूडीआयडी, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, ते कार्ड काढा. कार्डाशिवाय तिथं कोणी दारात उभं करत नाही. इथं कसं, पालकांनी संमतीची सही केली की साठ दिवसांत शाळेला लेकराची तपासणी पुरी करावीच लागते. तिथं ते घड्याळ कार्डापासून सुरू होतं. कार्ड आलं की मग अर्ज.

प्रेषक: विनू, ह्यूस्टन

अण्णा, साठ दिवस सगळीकडं नसतात. केंद्राचा नियम साठ दिवसांचा, पण राज्याला आपली मुदत ठरवता येते. टेक्सासात ४५ दिवस, तेही शाळा भरते तेवढेच मोजायचे. तुमच्याच न्यू जर्सीत संमतीपासून ९० दिवसांत लेकराच्या शिक्षणाचा आराखडा अमलात आणायचा असतो. सुट्ट्या धरायच्या का नाही, त्याचे नियम परत वेगळे.

प्रेषक: माई, लातूर

विनू, तुझं बरोबर आहे, पण लातूरला त्याचा उपयोग नाही. अण्णा, कार्डापासून कुठलंच घड्याळ सुरू होत नाही.

बाळू, मेल पाठवू नकोस. शाळेच्या लेखी काका म्हणजे कोणी नाही. अर्ज आईनं किंवा वडिलांनी, स्वतःच्या सहीनं, मराठीत, एका पानात. अमेरिकेचा कायदा त्यात नकोच, मुख्याध्यापक तेवढंच वाचून कागद बाजूला ठेवतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ बघ. शासनाचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांना ते लागू आहे, म्हणजे खाजगी मान्यताप्राप्त शाळाही आली. भेदभाव न करता प्रवेश, लेकराच्या गरजेप्रमाणं वाजवी सोय, वैयक्तिक आधार, आणि प्रगतीवर लक्ष, हे सगळं शाळेनं करायचं. आधार देणारा माणूस पालकांनी पदरच्या पैशानं आणावा, असं त्यात कुठंही नाही. ४० टक्के दिव्यांगत्वाची अट कलम ३१ ला आहे, ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणासाठी. वाजवी सोय मागायला ती अट नाही. म्हणून अर्ज लगेच द्यायचा, कार्डाचं काम शेजारी चालू ठेवायचं. आणि फीचा विषय या अर्जात घुसवू नका. त्याला जोडला की सगळी चर्चा फीवर जाते आणि लेकरू राहतं बाजूला.

अर्जात “मुलाकडे विशेष लक्ष द्यावे” असलं काही लिहायचं नाही. त्यावर शाळा “देतोच आहोत” म्हणते आणि विषय संपतो. काय, कोण, कधी, किती वेळ, ते लिहा. उदाहरणार्थ:

पहिल्या ओळीत, दारापासून आणि पंख्याच्या आवाजापासून लांब जागा. बाकाच्या कोपऱ्यावर दिवसाच्या तासांची सहा-सात चित्रं, तास संपला की वर्गशिक्षिकेनं चित्र उलटं करायचं. एका वेळी एकच सूचना, ती दिल्यावर दहा सेकंद थांबायचं, तेवढ्यात परत बोलायचं नाही. परिपाठाला कान झाकले तर रागवायचं नाही, रांगेत शेवटी उभं करायचं. पाणी, लघवी, थांबा, मदत, अशी चार चित्रकार्डं गळ्यात. दर शुक्रवारी वहीत दोन ओळी: किती वेळा स्वतःहून कार्ड दाखवलं, कुठल्या तासाला उठून गेला.

यातल्या कशालाच पैसा लागत नाही. “आम्हाला परवडत नाही” हे उत्तर मग उरतच नाही. शेवटी लिहा: शॅडो टीचरची अट आणि शाळा बदलण्याची सूचना कोणत्या नियमाखाली आहे, ते सात दिवसांत लेखी कळवावे.

दोन प्रती न्यायच्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. कारकून “साहेब आल्यावर देतो” म्हणतो, तिथं बसून राहायचं. नाहीच घेतला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाला टाचा. व्हॉट्सॲपवर मुख्याध्यापकांनी अंगठा दाखवला म्हणजे अर्ज पोचला, असं धरू नका.

अजून एक. यूडायस प्लसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, शाळेनं लेकराची दिव्यांग म्हणून नोंद केली आहे का, ते त्याच खेपेला विचारा. नोंद नसली की समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या यादीत नाव लागत नाही, मग तालुक्याच्या गट साधन केंद्राचा विशेष शिक्षक येणार कुठून? खाजगी शाळांत ही रकाना भरायची हयगय फार.

प्रेषक: अण्णा, न्यू जर्सी

माई, पटलं, पण कार्ड लागणारच ना पुढं? शिवाय शॅडो टीचर वाईटच असं कामून धरायचं? लेकराला आधार मिळतो.

प्रेषक: माई, लातूर

अण्णा, लागणारच. कार्डाच्या सरकारी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, दवाखाना निवडायचा, पावतीची छापील प्रत ठेवायची. अडतं ते इथं: आधारावरचं नाव, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर, तिन्हींत स्पेलिंग वेगळं. ते आधी सरळ करा. ऑटिझम किती ते मोजायला आयएसएए ही भारतातली मोजपट्टी लावतात, ७० च्या खाली गुण आले तर ऑटिझम धरत नाहीत. लेकरू तीन तास एसटीत बसून, उपाशी, परक्या खोलीत आलं की कोपऱ्यात गप्प बसतं, आणि तपासणाऱ्याला घरचं वागणं दिसतच नाही. घरचे आणि वर्गातले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ मोबाइलवर न्या, चित्रकार्डं न्या, सकाळची वेळ मागा. लहान लेकरांना बहुतेक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं, संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

शॅडो टीचरचं म्हणाल तर माणूस वाईट नसतो, रीत वाईट असते. प्रशिक्षण नसलेली पोरगी शेजारी बसते, वही तीच उघडते, पेन्सिल तीच धरते. महिनाभरात वर्गशिक्षिका लेकराशी बोलायचीच बंद होते, सगळं त्या पोरीला सांगते. ठेवायचाच असेल तर परिपाठ, मधली सुट्टी आणि रांगा, एवढ्यापुरता, आणि कधी काढायचा ते पहिल्याच दिवशी लिहून. विशेष शिक्षक म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा.

प्रेषक: सचिव

कृपया या साखळीत हॉलच्या भाड्याची उत्तरं टाकू नयेत. काल दोन आली. कोजागरीच्या कार्यक्रमाची वेगळी साखळी आहे.

प्रेषक: धारूरकर, टोरांटो

लातूर शहर आहे म्हणून शिक्के-बिक्के चालतात. आमच्या गावाकडं ऊसतोडीला गेलेल्या घरचं लेकरू दिवाळीनंतर कारखान्यावर जातं, त्याचा अर्ज कोण देणार? विशेष शिक्षक शाळेत येतो, लेकरू फडात असतं.

प्रेषक: माई, लातूर

धारूरकर, खरंय, आणि त्याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. जाण्याआधी शाळेकडून लेखी घ्या की नाव पटावरून कमी करणार नाही, आणि चित्रकार्डांचा एक संच आईच्या पिशवीत द्या. हंगामी वसतिगृहात ठेवायचं तर तिथल्या माणसाला त्याच एका पानाची प्रत द्या. पण बाळूचं सोमवारचं आहे, ते आधी.

प्रेषक: विनू, ह्यूस्टन

सात दिवसांत शाळेनं उत्तरच नाही दिलं तर? इथं लेखी सूचना देणं बंधनकारक असतं.

प्रेषक: माई, लातूर

तर तोच अर्ज, पोचपावतीसकट, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद यांना. तिथंही हललं नाही तर राज्याचे दिव्यांग आयुक्त, पुणे. त्यांना साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. थेट पुण्याला उडी मारू नका, “आधी कोणाकडे गेलात” हे पहिलं विचारतात आणि खालच्या पावत्या बघतात.

आणि सोमवारी लेकराला शाळेत न्यायचं. घरी ठेवलं की शाळा गैरहजेरी लावते आणि मग “पालकच पाठवत नाहीत” असं लिहून मोकळी होते. दारात अडवलं तर अडवल्याची तारीख-वेळ टाकून त्याच दिवशी दुसरा अर्ज.

प्रेषक: बाळू, डॅलस

माई, मेल थांबवला. भाऊ पुण्याला ड्युटीवर आहे, वहिनीची एकटीची सही चालते का?

प्रेषक: माई, लातूर

चालते. सहीखाली “आई” लिहायचं आणि मोबाइल नंबर टाकायचा. उद्या शनिवार, शाळा सकाळची असते. दहाच्या आत पोचायला सांग, मागून ऑफिसला कुलूप लागतं.