रिमोट चावी दाराला टेकवली तरच चालते, वर एफएमला खरखर. बिघाड एक की दोन?

सिन्नरकरीण

नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक, 78 हजार किलोमीटर झालेत. रोज नाशिकरोड ते सिन्नर एमआयडीसी आणि परत. इंजिनाची काही तक्रार नाही, पण दोन दुखणी मागे लागलीत.

एक, रिमोट. पूर्वी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बटण दाबलं की खाली गाडी डोळे मिचकवायची. आता दाराच्या काचेला चावी जवळजवळ टेकवावी लागते, तेही तीन-चारदा दाबून. पावसात हातात डबा, पर्स, छत्री घेऊन हा उद्योग करून बघा एकदा.

दोन, रेडिओ. सकाळी आकाशवाणी नाशिक, 101.4, हा माझा नेम आहे. आता शिंदे-पळसे येईपर्यंतच तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू होतो. गाणं मागे कुठेतरी चालू असतं.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी गाडीजवळ न जाताच सांगितलं, "मॅडम, चावी गेली, नवीन कोडिंग करून साडेआठ हजार. अँटेना वेगळा." किल्लीतला सेल मी स्वतः बदलला, फरक शून्य. साडेआठ हजार घालवण्याआधी इथे विचारते आहे.

आळशी_ड्रायव्हर

ताई, चावी हनुवटीला लावून दाबा. हसू नका, खरंच लांबून चालते.

वायरमन_कोल्हापूर

हनुवटीची युक्ती खरी आहे, डोक्याचाच अँटेना होतो. पण दोन मजल्यांवरून चालणारी चावी फुटावर आली असेल तर हनुवटीनं किती दिवस ढकलणार?

ताई, चोवीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय. आधी चावी निर्दोष आहे का ते ठरवू, त्याला पैसे पडत नाहीत. घरात दुसरी चावी असेलच, कपाटात पडलेली. तिच्यात नवा सीआर2032 (चपटा बटण-सेल) घाला आणि तीही दाबून बघा. दोन्ही चाव्या एकाच वेळी आजारी पडत नाहीत. दोन्हींना तेवढंच जवळ जावं लागलं तर दोष गाडीत किंवा जागेत. जागेचा संशय फेडायला गाडी सोसायटीबाहेर मोकळ्या मैदानात नेऊन तेच करा. आपल्याकडच्या बऱ्याचशा चाव्या 433 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, त्याच पट्ट्यात गेटचे रिमोट, वायरलेस बेल वगैरे बरीच गर्दी असते.

सेल मीटरवर मोजणार असाल तर बटण दाबून धरून मोजा. नुसता ठेवला तर मेलेला सेलही 3 व्होल्टच्या जवळपास दाखवून फसवतो.

आणि गाडी सुरू होतेय ना? मग चावीतली इमोबिलायझरची, म्हणजे खरी चावी ओळखून इंजिन सुरू होऊ देणारी, चिप ठणठणीत आहे. तिला सेल लागतच नाही, इग्निशनच्या भोवतालच्या कॉइलकडून ती वीज घेते. लॉक-अनलॉकचा रिमोट हा वेगळा संसार.

आता एक सरळ विचारतो. हे सुरू कधी झालं, आणि त्याच्या आदल्या दिवशी गाडीत कुणी हात घातला होता का? टेप, कॅमेरा, एलईडी बल्ब, काहीही. आणि दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली तर स्टार्टर जड फिरतो का?

सिन्नरकरीण

दादा, तुम्ही गाडी बघून आलात की काय? दोन-तीन दिवसांनी सेल्फ खरंच ओढत ओढत लागतो. मी बॅटरी जुनी झाली म्हणून सोडून दिलं होतं.

आणि हो, लिहायचं राहिलं. दिवाळीत मिस्टरांनी जुना टेप काढून अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतली, त्यातच डॅशकॅमही. एकाच दुकानात, दुपारच्या दोन तासांत. रेडिओ तेव्हापासूनच बिघडलाय. रिमोटचंही बहुतेक तेव्हापासूनच, फक्त माझ्या डोक्यात दोन्ही जोडलं गेलं नव्हतं.

दुसरी चावी करून पाहिली. तीही फुटावरूनच. मैदानातही तेच.

वायरमन_कोल्हापूर

मग चाव्या निर्दोष. साडेआठ हजार वाचले.

डॅशकॅमची वायर बहुतेक सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवरून घेतली आहे. किल्ली काढली तरी कॅमेरा जागा. 0.3 अँपिअर धरला तरी तीन दिवसांत 21 अँपिअर-अवर जातात, आणि या गाड्यांत बॅटरी 35 च्या आसपासची. स्टार्टर जड फिरणारच. कॅमेऱ्याला बाराचे पाच व्होल्ट करून देणारी जी छोटी डबी असते ना, ती स्वस्तातली असली की रेडिओलहरींचा कचरा ओकते. डॅशबोर्डखाली रिमोटच्या रिसीव्हरच्या शेजारीच तिला कोंबलेली असेल. कानाशी कुणी पिपाणी वाजवत असेल तर लांबची हाक कशी ऐकू येणार? डबीची वायर उपटा आणि पावलं मोजा.

रेडिओचा मामला वेगळा. छतावरच्या अँटेनाच्या बुडात या गाड्यांत बहुधा छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला टेपकडून 12 व्होल्ट लागतात. नवी स्क्रीन बसवताना ते पोचवणारी निळी वायर तशीच लोंबकळत सोडायची रीत आहे आमच्या धंद्यात, काय सांगू. ॲम्प्लिफायर उपाशी, मग तोच सिग्नल गिळतो. स्क्रीन बाहेर ओढा. निळी वायर जोडायच्या आधी एक गंमत करा: अँटेनाची पिन उपसून त्या भोकात पाऊण मीटर साधी वायर खोचा. 100 मेगाहर्ट्झला तेवढीच लांबी बरोबर बसते. स्टेशन स्वच्छ आलं तर स्क्रीन चांगली, दोष अँटेनाकडचा.

आळशी_ड्रायव्हर

छतावरून पाणी शिरून बुडाला गंजही चढतो की.

वायरमन_कोल्हापूर

चढतो. पण दिवाळीच्या दुपारी दोन तासांत चढत नाही.

सिन्नरकरीण

रविवारी बसलो दोघं. डॅशकॅमची डबी ग्लोव्हबॉक्सच्या मागे फोमात गुंडाळलेली निघाली. वायर काढायच्या आधी गाडीपासून अर्ध्या पावलावर रिमोट लागत होता. काढल्यावर मी मागे चालत गेले, एकतीस पावलं, तेव्हा पार्किंगची भिंत लागली. भिंतीपासूनही लॉक झाली. मिस्टर आता कनेक्शन किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या फ्यूजवर घेणार आहेत. उभ्या गाडीचं रेकॉर्डिंग गेलं तर गेलं.

स्क्रीन काढताना वरची पट्टी जराशी तडकली, त्यावर घरात थोडं बोलणं झालं. पण निळी वायर होती, दादा. चिकटपट्टी गुंडाळून नीट बाजूला सारलेली. म्हणजे दुकानदाराला ती दिसली होती! जोडली. आज सकाळी शिंदे-पळसे ओलांडून मोहदरी घाटाच्या पायथ्यापर्यंत 101.4 खणखणीत. घाटात गेला आवाज, तो पूर्वीपासूनच जायचा.

वायरमन_कोल्हापूर

झकास. तडकलेली पट्टी आतून फेविक्विकनं चिकटवा, पण आधी मिस्टरांना चहा द्या.