सल्ला हवा: वय 57, अकिलीसचं दुखणं आणि जुलैत स्वीडनचं ओ-रिंगेन

उतारवाट:
वय 57, हाफ मॅरेथॉन धावतो, सातारा हिल आवडीची. पावसाळ्यापासून डावं अकिलीस (पोटरी टाचेला जोडणारं टेंडन, म्हणजे कंडरा) दुखतंय. दुखरी जागा टाचेच्या हाडाच्या चार-पाच सेंमी वर, हाताला जाडसर लागते. सकाळची पहिली पावलं लंगडत. विश्रांती घेतली की बरं वाटतं, पळायला लागलं की पुन्हा तेच. मुलगी स्वीडनला असते, जुलैत ओ-रिंगेनला चला म्हणते (ओरिएंटिअरिंगची, म्हणजे नकाशा-होकायंत्र घेऊन जंगलात ठरलेल्या खुणा शोधत पळण्याची, पाच टप्प्यांची स्पर्धा). नकाशावाचन ट्रेकपुरतं, टोपोशीटवरचं (सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे). तयारी कुठून सुरू करू? बूट, चष्मा याबद्दलही सांगा.

फिजिओ_मिरज:
नुसत्या विश्रांतीने दुखणं शांत होतं, पण टेंडन आणखी कमकुवत होतं, म्हणून पळायला लागलात की तेच. त्याला भार हवा, रोज आणि मोजून.

पायरीच्या कडेवर चवडे ठेवा. दोन्ही पायांवर वर उठा, मग सगळा भार डाव्यावर घेऊन तीन-चार सेकंदांत टाच पायरीच्या खाली उतरवा. वर येताना पुन्हा दोन्ही पाय. गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 सेट, गुडघा वाकवून 15 चे 3. सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. वाकवलेल्या गुडघ्याचे सेट बहुतेक जण गाळतात, आणि पळताना पोटरीतला सर्वात जास्त भार उचलणारा सोलिअस स्नायू नेमका त्यानेच तयार होतो. सोपं वाटलं की पाठीवरच्या सॅकमध्ये 5 किलो तांदूळ, पुढे 10.

व्यायाम करताना 10 पैकी 5 पर्यंत दुखलं तरी चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: पहिली पावलं कालपेक्षा जास्त दुखली तर वजन आणि सेट कमी करा, व्यायाम थांबवू नका.

इतर वाचकांसाठी: दुखणं टाचेच्या हाडावरच असेल तर टाच पायरीखाली उतरवायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. नाहीतर टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं.

सातारा हिलचा यवतेश्वरचा चढ तूर्त बंद. चढावर घोटा जास्त वाकतो, टेंडन ताणलेल्या अवस्थेत भार घेतं. सपाट मातीवर 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं, असं 20 मिनिटं, एक दिवसाआड. पळण्याआधी वेदनाशामक गोळी अजिबात नको. शरीर देत असलेली सूचना दबते आणि उन्हात मूत्रपिंडांवर ताण येतो.

रानवाटा:
+1. एक भर घालतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे टेंडन दुखावू शकतं, तुटूही शकतं. साठीनंतर आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. लघवीच्या संसर्गासाठी ही औषधं सर्रास दिली जातात, तेव्हा डॉक्टरांना अकिलीसबद्दल आधीच सांगा. अकिलीसमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेऊ नका. आणि पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

उत्तरवारा (उप्साला):
आता नकाशाचं. टोपोशीटची सवय असलेल्यांची पहिली फसगत रंगांत होते. टोपोशीटवर हिरवं म्हणजे जंगल. ओरिएंटिअरिंगच्या नकाशावर पांढरं म्हणजे सहज पळता येईल असं जंगल, पिवळं म्हणजे मोकळी जागा, आणि हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट. गडद हिरव्यातून 'शॉर्टकट' घेऊ नका.

दुसरं, प्रमाण. टोपोशीट 1:50000, समोच्च रेषा 20 मीटरवर. इथे वयस्कर गटांना 1:10000 किंवा 1:7500 आणि रेषा सहसा 5 मीटरवर. 1:10000 वर 1 मिमी म्हणजे 10 मीटर. सगळं अपेक्षेपेक्षा लवकर येतं आणि नवखे कंट्रोलच्या (नकाशावर वर्तुळाने दाखवलेली, शोधायची खूण) पुढे निघून जातात. यावर उपाय पावलं मोजणं. 100 मीटरला आपली दुहेरी पावलं (एकच पाय किती वेळा टेकतो ते) किती, हे आधी मैदानावर, मग दगडाधोंड्यांतून मोजून ठेवा.

पळण्याची घाई कंट्रोलच्या वर्तुळात नडते. कंट्रोलच्या अलीकडची ठळक खूण निवडा (वाटेचं वळण, दगडी भिंतीचा कोपरा), तिथपर्यंत पळा. तिथे होकायंत्र लावून शेवटचे 100 मीटर चाला. धाप लागली की नकाशा डोक्यात शिरत नाही, आणि पन्नाशीनंतर धाप खाली बसायला वेळ लागतो. म्हणूनच तुमच्या वयात पेस वाढवण्यापेक्षा चुका कमी करण्यातून जास्त मिनिटं वाचतात.

वयोगट त्या वर्षात पूर्ण होणाऱ्या वयावरून ठरतो, तुमचा एच55 (55 ते 59 वयाचे पुरुष). पण पहिल्यांदा मोकळे (वयोगटाची अट नसलेले) कोर्स घ्या, काठिण्याचा रंग पिवळा किंवा नारिंगी, म्हणजे सोपे ते मध्यम. कोर्सची लांबी सरळ रेषेत मोजतात. 5 किमी लिहिलं असेल तर पायाखाली 6-7 धरा. पाचही टप्पे पळायलाच हवेत असं नाही.

इथे गोचिडांपासून मेंदूज्वर होऊ शकतो. त्याच्या लशीला महिन्यांच्या अंतराने डोस लागतात, मुलीला आत्ताच चौकशी करायला सांगा.

उतारवाट:
सर्वांचे मनापासून आभार. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, तोच चालेल का? आणि तिकडचे खिळेवाले बूट घ्यायचे का?

उत्तरवारा (उप्साला):
प्रोग्रेसिव्ह नको. खाली पाहिलं की नजर वाचायच्या भागातून जाते, पायाजवळचे दगड धूसर दिसतात आणि घोटा मुरगळतो. फक्त लांबचा नंबर घ्या, दोरीने बांधा, आणि नकाशासाठी भिंग बसवलेलं अंगठ्यावरचं होकायंत्र वापरा.

ओल्या खडकावर धातूचे खिळे खरंच पकड देतात. पण त्या बुटांची टाच बहुधा तुमच्या रस्त्यावरच्या बुटांपेक्षा बरीच खाली असते, म्हणजे भार थेट अकिलीसवर. आधी घरी घालून चाला, मग 10 मिनिटं पळा, दर आठवड्याला थोडं वाढवा. सुरुवातीला आत 5-6 मिमीची टाचपट्टी घाला.

फिजिओ_मिरज:
डाव्या पायावर सलग वीसेक वेळा टाच पूर्ण उचलता येईपर्यंत ते बूट घालून पळू नका. आणि एका पायावर डोळे मिटून 30 सेकंद उभं राहण्याचा सराव रोज, दात घासताना बेसिन धरून सुरू करा.