पिन नव्हे, पासवर्ड द्या

वरच्या खोलीतला पीसी रिमोट डेस्कटॉपवर (एका पीसीवरून दुसरा चालवायची विंडोजची सोय) सापडतो, पण 'लॉगिन फेल्ड' म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे नेटवर्क ठीक आहे, फायरवॉलच्या (नको त्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षणाच्या) मागे लागू नका. रोजचा चार आकडी पिन इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज रिमोटवरून आत घेत नाही. बाबांच्या पीसीपायी माझा अख्खा रविवार यातच गेला! (ते म्हणे, "घरात कशाला पासवर्ड?")

वरच्या एका प्रतिक्रियेत कुणीतरी राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपची ये-जा होते तो क्रमांक) उघडायला सांगितलंय, ते मात्र कृपया करू नका. एकाच वायफायवर त्याची गरज नसते, उलट बाहेरच्यांना दार उघडं मिळतं.