एका बेअरिंगचे पाच कोड: नव्या सिस्टीमवर जाण्याआधी साफसफाई कुठून सुरू करू?

स्टोअरवाला_भोसरी:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर बघतो. आमचं स्टॉक-खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर सॅप ईसीसी, त्याचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, म्हणून आमचे साहेबलोक सॅपच्याच नव्या एस/४ हानावर निघालेत. सल्लागार म्हणतात, डेटा साफ करून द्या, आम्ही लोड करतो. घाण आमची, झाडू आमचा, बिल त्यांचं.

६२०५ बेअरिंग घ्या. आतला व्यास २५, बाहेरचा ५२, जाडी १५, दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. एक मेक (बनवणारी कंपनी) त्याला '२झेड' म्हणतो, दुसरा 'झेडझेड'. आमच्याकडे 'बेअरिंग ६२०५ झेडझेड', '६२०५-२झेड', 'बॉल बेअरिंग ६२०५' असे पाच कोड. मेंटेनन्सवाले बोंब मारून तातडीची खरेदी करतात आणि तेच बेअरिंग शेजारच्या बिनमध्ये दुसऱ्या नावाने पडलेलं असतं.

राउंड बारचं दुखणं त्याहून वाईट. माल येतो किलोवर, जातो मीटरवर. २५ मिमीचा बार मीटरला ३.८५ किलो भरतो (व्यासाचा वर्ग भागिले १६२, शॉपमधलं कुठलंही पोरगं सांगेल). मास्टरमध्ये (सिस्टीममधल्या वस्तूच्या मूळ नोंदीत) कुणीतरी उलटं भरलंय: १ किलो म्हणजे ३.८५ मीटर. १०० मीटर दिला की ३८५ किलो कमी व्हायला हवेत, होतात २६. रॅक रिकामा, स्क्रीनवर टनांनी माल, आणि एमआरपी (किती माल मागवायचा ते काढणारा सिस्टीमचा हिशेब) म्हणतंय खरेदीची गरज नाही. लाइन थांबली की शिव्या स्टोअरला.

डुप्लिकेट शोधायचं टूल घ्यावं का?

एमएमवाली_ताई:
दादा, टूल नंतर. नवा कोड काढायचा अधिकार किती जणांकडे आहे ते आधी बघा. जुना शोधण्यापेक्षा नवा काढणं सोपं असेल तर माणूस नवाच काढणार, मग टूलने कितीही झाडा. अधिकार एकाकडेच ठेवा. वर्णनाला ४० अक्षरं मिळतात. आधी वस्तू, मग प्रकार, मग माप, असा क्रम ठरवा. मेक वर्णनात कोंबू नका.

बारचं आजच हातात घ्या. उघडे पीओ (खरेदी ऑर्डर) आणि रिझर्व्हेशन (राखून ठेवलेला माल) निपटवा, रूपांतर सुलटं करा, मग प्रत्यक्ष वजन करून मोजणी टाका. ७०२ ला (मोजणीतली तूट दाखवणारी सॅपची एंट्री) मोठी रक्कम पडेल. अकाउंट्सला आधी सांगून ठेवा, नाहीतर ऑडिटर थेट तुमच्या टेबलाशी येईल.

डुप्लिकेट कोड डिलीट करायच्या भानगडीत पडू नका. एक जिवंत ठेवा, बाकीच्यांचा माल ३०९ ने (एका कोडावरून दुसऱ्यावर माल नेणारी एंट्री) त्यावर घ्या आणि त्यांची खरेदी बंद करा. वर्षानुवर्षं न हललेलं सामान तर नव्या घरात नेऊच नका.

ताळेबंद:
व्हेंडर विसरू नका. हानात व्हेंडर आणि कस्टमर दोन्ही 'बिझनेस पार्टनर' होतात, तेव्हा सगळी अडगळ बाहेर येते. नावावरून जुळवत बसू नका, 'एंटरप्रायझेस' लोक दहा तऱ्हेने लिहितात. जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासून बारावीपर्यंतची अक्षरं म्हणजे पॅन, त्यावर लावा. मात्र पॅन एक आणि सुरुवातीला २७ व २४ असेल तर त्या एकाच धंद्याच्या महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या वेगळ्या नोंदण्या आहेत, त्यांना उगाच एकत्र करू नका.

बिल दोनदा आलं तर सिस्टीम अडवते, पण व्हेंडर कोड तोच असेल तरच. कोड दोन असले की तेच बिल दुसऱ्यांदा बिनबोभाट पास. शिवाय एका कोडावर 'सूक्ष्म उद्योग' लिहिलेलं आणि दुसऱ्यावर रिकामं असेल, तर ४३बी(एच)ची (लहान उद्योगांचे पैसे वेळेत देण्याबाबतचं, १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम) मुदत कुणाला लागू आहे हेच कळत नाही. टॅक्स ऑडिटला आमची तारांबळ उडते ती इथेच.

तिसरी_पाळी:
ताई, एकाकडेच अधिकार हे ऐकायला बरं वाटतं. रात्री दोनला ट्रक गेटवर उभा, कोड नाही, अधिकारवाला घरी झोपलेला. मग आम्ही 'किरकोळ सामान' या कोडावर जीआरएन (माल आल्याची नोंद) मारतो आणि वर्षअखेरीला त्या कोडात स्क्रूपासून मोटरपर्यंत सगळं निघतं.

एमएमवाली_ताई:
कोड नसताना पीओ निघाला कसा? भांडण खरेदी विभागाशी आहे, गेटशी नाही. पीओ नसेल तर माल गेटबाहेरच. पहिले काही दिवस बोंबाबोंब होईल, होऊ द्या.

स्टोअरवाला_भोसरी:
ट्रक परत पाठवायला मालकाची सही लागेल, ती मिळवतो. बारची मोजणी या रविवारी, लाइन बंद असताना. ३०९ मारताना काही अडतं का?

एमएमवाली_ताई:
दोन्ही कोडांचं बेस युनिट एकच लागतं. एक 'नग' आणि दुसरा 'सेट' असेल तर एंट्री अडकेल. पाचही बेअरिंगांचं युनिट आधी तपासा, आणि दर वेगळे असतील तर पडणारा फरक कुठल्या खात्यात जातो ते ताळेबंद यांना विचारून घ्या.