गस्त वाढवायची, पण कुठे?

दारूच्या नशेतल्या मारामाऱ्या थांबवायला एकांनी सुचवलंय की बार लवकर बंद करा आणि पोलीस दुप्पट करा. ठीक, पण ते पोलीस उभे कुठे करणार?

वेल्समधल्या कार्डिफचं उदाहरण बघा. तिथले जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे सर्जन. मोडलेले जबडे, ग्लासने चिरलेले गाल शिवता शिवता त्यांच्या लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच जणांची पोलिसांत नोंदच नाही. कोण जातंय तक्रार करायला? मारणारा ओळखीचा, नाहीतर आपणच प्यायलेले!

मग कॅज्युअल्टीच्या काउंटरवरच विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठे, किती वाजता, कशाने मारलं? बारचं नावसुद्धा. पेशंटचं नाव वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जायची. त्यावरून गस्तीच्या जागा बदलल्या, बारवाल्यांना जाब विचारला गेला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आकडे आले: मारहाणीमुळे दाखल होणारे लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर आले. तशाच इतर शहरांत ते ५ वरून ८ झाले होते.

सगळंच जमलं असं नाही. शेफर्ड यांनीच सहज न फुटणाऱ्या कडक काचेच्या ग्लासांची चाचणी घेतली, तर बारमधल्या नोकरांच्या इजा उलट वाढल्या.

आपल्याकडे पोलीस केस होईल या धास्तीने माणूस डॉक्टरला सरळ 'जिन्यावरून पडलो' सांगतो. तिथे नाव पुढे जात नाही, म्हणून बारचं नाव तरी कळतं.